हाती फोन आहे, पण बोलणे होत नाही

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची असून वडिलांच्या पश्चात साताऱ्यात एकटी राहते. मी कॅलिफोर्नियात असतो. तिला स्मार्टफोन घेऊन दिला आहे. परंतु ‘शुभ सकाळ’चे संदेश पुढे पाठवण्यापलीकडे ती तो वापरत नाही आणि माझा फोन आला की ‘नीट ऐकू येत नाही’ म्हणून लगेच ठेवते. तिचा एकटेपणा कसा कमी करावा?

उत्तर : सर्वप्रथम आईंच्या कानांची तपासणी करून घ्यावी. वाढत्या वयात उंच पट्टीतले ध्वनी आधी क्षीण होतात. त्यामुळे फोनचा आवाज वाढवला तरी ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसटच राहतात, आणि बोलणे कानावर पडूनही उलगडत नसल्याने माणूस हळूहळू फोनच टाळू लागतो. श्रवणयंत्राची गरज निघाल्यास ब्लूटूथने फोनला जोडता येणारे यंत्र निवडावे. तोवर व्हिडिओ कॉल करावा, कारण ओठ दिसले की निसटलेले शब्द जुळवता येतात. मात्र उजेड तुमच्या चेहऱ्यावर असावा, पाठीमागे खिडकी नको. वेळ ठरलेली असावी. तुमच्या सकाळी सातला साताऱ्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजतात, हा बदल त्यांना आधीच सांगून ठेवावा.

तरीही मुलाच्या फोनने आईंचा सारा दिवस भरून निघेल, अशी अपेक्षा ठेवू नये. कोणाशी बोलावेसे वाटते, हे त्यांनाच विचारावे. माहेरची बहीण, जुनी शेजारीण, भजनी मंडळातल्या मैत्रिणी, ज्यांची नावे त्या घेतील त्यांचे क्रमांक छायाचित्रांसह फोनच्या पहिल्याच पडद्यावर ठेवावेत. टाइप करणे जिकिरीचे वाटत असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश पाठवायला शिकवावे. आलेला संदेश पुन्हा पुन्हा ऐकता येतो, ही कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मोठीच सोय आहे. ‘शुभ सकाळ’च्या संदेशांना हसू नये. ती त्या पिढीची रोजची हजेरी आहे, आणि त्याला उत्तर म्हणून कोणी फोन केला तर तिथूनच गप्पा सुरू होतात.

अनोळखी माणसांना त्यांना परस्पर कुठल्याही ग्रुपमध्ये घेता येऊ नये, अशी सेटिंग करून द्यावी. पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवरच ‘अटक’ केल्याचे सांगत पैसे उकळणारे भामटे ज्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, असा प्रकार कायद्यात नाही, हे स्पष्ट सांगावे आणि फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा.

शिकवण्याचे काम साताऱ्यातल्याच एखाद्या भाचीकडे किंवा शेजारच्या कॉलेजकुमाराकडे सोपवावे. अट एकच, फोन आईंच्याच हातात राहील आणि बटणे त्याच दाबतील.