अमेरिकेवरचे माहितीपट बघायला घेतोयस? मग आधी हे ऐक

एकदम दहा-बारा नावांची यादी करू नकोस. मी तसंच केलं होतं. तुरुंग, बंदुका, वर्णभेद, सगळ्याची डोक्यात खिचडी झाली.

'हूप ड्रीम्स'पासून (१९९४) सुरू कर. जवळजवळ तीन तासांचा आहे, पण जागचं उठवत नाही. शिकागोतली दोन कृष्णवर्णीय मुलं, बास्केटबॉलचं वेड आणि उपनगरातली खासगी शाळा. फी थकते, एकाला ती शाळा सोडावी लागते. पुढे त्याच्या घरची वीजही तोडली जाते. त्याची आई नर्सिंग सहायकाचा कोर्स पास होते, तो प्रसंग नीट बघ. तिथे खेळाचा काही संबंध नाही, पण मला तरी सगळा चित्रपट तिथेच सापडला.

'थर्टीन्थ' (२०१६) हा कृष्णवर्णीय आणि तुरुंग यांवरचा माहितीपट लावण्याआधी अमेरिकी घटनेची तेरावी दुरुस्ती वाच, १८६५ सालची. दोन मिनिटांचं काम. गुलामगिरी बंद, मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून चालेल! त्या एका अपवादावरच सगळी मांडणी उभी आहे.

माहितीपटकार मायकेल मूर हसवतो, पण त्याच्या 'रॉजर अँड मी'मध्ये घटनांचा क्रम मागेपुढे केल्याची टीका झाली होती, हे ध्यानात ठेव.

फ्रेडरिक वाइझमनचे माहितीपट मात्र घाईत बघू नकोस. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. 'वेल्फेअर'मध्ये (१९७५) न्यूयॉर्कच्या सरकारी मदत कार्यालयात माणसं या टेबलावरून त्या टेबलावर. तहसील कचेरीत खेटे घातले असशील तर सबटायटल्सचीही फारशी गरज पडणार नाही.