वाचकांचे प्रश्न : चिकन, मटण आणि भाजलेली फळे

मांस आणि फळे एकत्र भाजून करता येण्याजोग्या सोप्या जेवणाविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. ज्यांचे प्रश्न सारखे होते, त्यांची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन आहे. द्राक्षांच्या दिवसांत चिकन आणि द्राक्षे एकाच ट्रेमध्ये भाजून पाहिली. परंतु ट्रेमध्ये भरपूर पाणी सुटले, चिकनला रंग आला नाही आणि द्राक्षांचा अगदी मुरंबा झाला. चार माणसांच्या जेवणासाठी फार खटपट नसलेली कृती सांगाल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण दोन्ही जिन्नस एकाच वेळी आत ठेवले असावेत, असे पत्रावरून दिसते. हाडासकट असलेल्या लेग पीसला २०० अंश सेल्सिअस तापमानात साधारण ४० ते ४५ मिनिटे लागतात. द्राक्षांना मात्र १५ ते २० मिनिटे पुरतात. त्यापुढे ती फुटतात, रस ट्रेभर पसरतो आणि तो रस आटेपर्यंत चिकन भाजले न जाता उकडले जाते. मांसाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही आणि तांबूस रंग व भाजल्याचा खमंग वास येण्यासाठी ते १४० अंशांच्या आसपास तरी जावे लागते. म्हणून मांस आधी आणि फळ नंतर, एवढा क्रम सांभाळला की निम्मे काम झाले.

चार माणसांसाठी मांडीसकट, कातडीसकट चार मोठे लेग पीस घ्यावेत. त्यांचे वजन साधारण एक किलो भरते. पहिल्या प्रयत्नात अख्खी कोंबडी घेऊ नये, असे आमचे मत आहे, कारण तिची मांडी पुरती शिजेपर्यंत छातीचे मांस कोरडे पडते. तुकडे स्वच्छ कापडाने किंवा कागदी रुमालाने टिपून कोरडे करावेत आणि दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम मीठ व जाडसर कुटलेली मिरी चोळून रात्रभर फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात उघडेच ठेवावेत. त्यांचा रस इतर पदार्थांवर गळणार नाही, एवढे मात्र पाहावे. मीठ आत मुरते आणि फ्रिजच्या कोरड्या हवेने कातडी सुकते. सुकलेली कातडीच पुढे कुरकुरीत होते. चिकन नळाखाली धुण्याची सवय सोडलेली बरी, कारण त्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू सिंक, ओटा आणि शेजारच्या भांड्यांपर्यंत पोचतात आणि धुण्याने साध्य काहीच होत नाही.

ओटीजी वरची आणि खालची अशा दोन्ही कॉइल लावून २०० अंशांवर १५ मिनिटे आधी तापवून घ्यावा. ट्रेमध्ये दोन कांद्यांच्या जाड चकत्या आणि सालासकट लसणाच्या आठ-दहा पाकळ्या पसराव्यात. लसूण सोलून घातला तर तो करपून कडू होतो. त्यावर तेलाचा हात लावलेले तुकडे कातडीची बाजू वर ठेवून मांडावेत आणि दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडावी. ट्रे खच्चून भरला की वाफ कोंडते, हे पाणी सुटण्याचे दुसरे कारण. ट्रे ॲल्युमिनियमचा असेल तर आत बेकिंग पेपर घालावा, कारण आंबट रस त्या धातूला लागून पदार्थाला चव येते ती चांगली नसते.

पंचवीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढून मोकळ्या जागेत ३०० ग्रॅम द्राक्षे टाकावीत. ती धुऊन पूर्ण कोरडी केलेली असावीत आणि चमचाभर तेल व चिमूटभर मीठ लावून घ्यावीत. आम्ही शरद सीडलेस या काळ्या द्राक्षांची शिफारस करू, कारण त्यांच्या सालीला किंचित तुरटपणा असतो. थॉमसनची हिरवी द्राक्षे वापरायची झाली तर हंगामाच्या सुरुवातीची, थोडी आंबटसर घ्यावीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी अतिगोड द्राक्षे खाण्यासाठी उत्तम, पण ट्रेमध्ये ती सपक गोड लागतात. पुढे १५ ते २० मिनिटे भाजल्यावर काही द्राक्षे सुरकुततात, काही फुटतात आणि त्यांचा जांभळट रस कोंबडीच्या चरबीत मिसळून कांद्याच्या कडांना चिकटतो. हा रस एका पातेल्यात ओतून घ्यावा, वर तरंगणारी जादा चरबी चमच्याने काढावी, अर्धे लिंबू पिळावे आणि दोन मिनिटे उकळून तुकड्यांवर वाढावा. तुकडे बाहेर काढल्यावर दहा मिनिटे तसेच राहू द्यावेत.

चिकन शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर फारसा महाग नसतो. त्याचे टोक मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावे. सुरक्षिततेसाठी ७४ अंश पुरतात, परंतु मांडीचे मांस ८० अंशांच्या पुढे गेल्यावरच हाडापासून सहज सुटते.

प्रश्न : आमचा दुकानदार चिकन सोलूनच देतो. कातडीशिवाय हा पदार्थ होईल का?
(एक वाचक, पिंपरी)

उत्तर : होईल, पण वेगळा होईल. आपल्याकडे बहुतेक दुकानांत कोंबडी सोलूनच देण्याची रीत आहे, म्हणून सकाळीच फोन करून 'कातडीसकट, पिसे नीट साफ करून' असे सांगून ठेवावे. ते जमलेच नाही, तर तुकड्यांना लोणी चोळून पहिली २० मिनिटे ट्रे फॉइलने झाकावा आणि मग उघडून वरच्या कॉइलवर रंग आणावा. कुरकुरीतपणाची अपेक्षा मात्र ठेवू नये.

प्रश्न : परसातला अननस किसून त्यात चिकन रात्रभर मुरवत ठेवले. सकाळी पाहिले तर मांसाचा अक्षरशः लगदा झाला होता. अननस खराब होता का?
(एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : अननस खराब तर नव्हताच, उलट तो फार कामसू निघाला. ताज्या अननसात ब्रोमेलेन हे विकर असते आणि ते प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या पपईतील पपेन हेच काम करते, म्हणून तर जून मटण लवकर शिजावे यासाठी पपईचा तुकडा घालण्याची पद्धत आपल्या घरांत आहे. किवीमध्ये आणि ताज्या अंजिराच्या चिकातही अशीच विकरे असतात. ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली घट्ट होत नाही, तीही याच कारणाने. बोकडाच्या चिवट मांसाला या विकरांचा थोडा वेळ सहवास लाभदायक ठरतो. कोवळ्या ब्रॉयलर चिकनला ते रात्रभर सोसत नाही.

उष्णतेने ही विकरे निकामी होतात. म्हणून अननसाच्या फोडी तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगल्या परतून, त्यांतून वाफ निघू लागल्यावरच मांसात मिसळाव्यात. डबाबंद अननस आधीच तापवलेला असल्यामुळे त्याचा हा उपद्रव नसतो, पण तो साखरेच्या पाकातला असेल तर लवकर करपतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चिकन केवळ मीठ, आले आणि हिरव्या मिरचीत मुरवावे आणि अननसाच्या जाड फोडी शेवटच्या २० मिनिटांसाठी ट्रेमध्ये टाकाव्यात. भट्टीतल्या उष्णतेपुढे विकरांना काही करण्याइतकी सवड मिळत नाही.

प्रश्न : घरात ओव्हन नाही आणि आम्हाला चिकनपेक्षा मटण आवडते. गॅसवर असे काही करता येईल का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अवश्य करता येईल आणि मटणाच्या बाबतीत गॅसच बरा. परदेशी पाककृतींत कोवळ्या मेंढीचा पाय तास-दीड तासात ओव्हनमध्ये भाजून निघतो; आपल्याकडे मिळते ते बहुधा बोकडाचे, कमी चरबीचे आणि घट्ट मांस असते. ते कोरड्या उष्णतेत ठेवले तर मऊ होण्याऐवजी चामट होते. त्याला आधी ओलावा हवा, भाजणे नंतर.

अर्धा किलो मटणाचे मोठे तुकडे आले-लसूण, हळद आणि मीठ लावून तासभर ठेवावेत आणि कपभर पाण्यात कुकरला लावावेत. मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या बहुधा पुरतात, पण मांस जून असेल तर आणखी दोन कराव्या लागतील. तुकडा सुरीने दबावा, मात्र हाडापासून गळून पडू नये. तुकडे निथळून काढावेत आणि पाणी जपून ठेवावे. बिडाच्या कढईत दोन चमचे तूप चांगले तापवून त्यात तुकडे एकेका बाजूवर न हलवता तांबूस होऊ द्यावेत. सारखा उलथने फिरवण्याचा मोह येथे आवरावा लागतो. तुकडे बाजूला काढून त्याच कढईत उभा चिरलेला कांदा परतावा, मटणाचे पाणी घालून ते निम्मे आटवावे, मग कोमट पाण्यात तासभर भिजवलेले आठ-दहा जर्दाळू आणि छोटा चमचा व्हिनेगर घालावे. जर्दाळू फुगले पण फुटले नाहीत, अशा वेळी तुकडे परत टाकून रस अंगाबरोबर ठेवावा.

मुंबईच्या पारशी घरांतील जर्दाळू घातलेली सल्ली बोटी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना ही चव ओळखीची वाटेल; त्या पदार्थावर बटाट्याच्या तळलेल्या बारीक सळ्या पेरतात, त्या येथेही शोभतात. जर्दाळूऐवजी सुके अंजीर चालते, परंतु ते अधिक गोड असल्याने व्हिनेगर दुप्पट करावे. पुरंदरचे ताजे अंजीर मिळाले तर ते अर्धे कापून, गॅस बंद करण्यापूर्वी तीनच मिनिटे घालावे.

प्रश्न : फळे आणि मांस एकत्र खाणे हा विरुद्ध आहार आहे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगू?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्याला आधार आहे, पण तो थोडा निराळा आहे. चरकसंहितेत दुधाबरोबर मासे आणि दुधाबरोबर आंबट फळे निषिद्ध सांगितली आहेत. गावठी जनावरांचे मांस मध, गूळ, तीळ किंवा दूध यांच्याबरोबर खाऊ नये, असेही म्हटले आहे. येथे दिलेल्या कोणत्याही कृतीत दूध, साय किंवा मध नाही. मध तर आम्ही वेगळ्याच कारणाने टाळतो, कारण २०० अंशांवर तो मांस शिजण्याच्या कितीतरी आधी करपतो. माशाच्या कालवणात कोकम आणि कैरी आपण पिढ्यान्‌पिढ्या घालत आलो आहोत, हेही त्यांना सांगून पाहावे. तरीही पटले नाही तर द्राक्षे वेगळ्या थाळीत भाजून ज्याची त्याला वाढावीत; जेवणाच्या वेळी वाद घालण्याइतका हा विषय मोठा नाही.

प्रश्न : पोर्कबरोबर कोणते फळ चांगले?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : इंग्लंडमध्ये भाजलेल्या पोर्कबरोबर सफरचंदाचा सॉस वाढण्याची जुनी प्रथा आहे, पण तेथे त्यासाठी वापरतात ती सफरचंदे चांगलीच आंबट असतात. आपल्याकडील काश्मिरी सफरचंद गोड, म्हणून त्याच्या जाड फोडींवर चमचाभर माडाच्या ताडीचे व्हिनेगर शिंपडावे. ते आपल्या स्वयंपाकघरात असणारच. चरबीचा थर असलेला खांद्याचा तुकडा १६० अंशांवर झाकून दोन तास, मग उघडून २०० अंशांवर अर्धा तास भाजावा आणि फोडी या अर्ध्या तासातच घालाव्यात. पोर्क पूर्ण शिजलेलेच खावे.

प्रश्न : ओटीजी मिक्सरच्या प्लगला लावला तर चालतो का? विजेचे बिल फार येते का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : १६०० वॉटचा ओटीजी सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर तो लावूच नये, एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच नाही. त्यासाठी १६ अँपिअरचे मोठे सॉकेट हवे. असा ओटीजी तासभर अखंड चालला तर १.६ युनिट वीज लागते, आणि थर्मोस्टॅट अधूनमधून कॉइल बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच.

प्रश्न : बरोबर काय वाढावे, आणि उरले तर काय करावे?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ट्रेमधला रस टिपायला ज्वारीची भाकरी पावापेक्षा सरस, असे आम्हाला वाटते. बाजूला काकडी आणि कांद्याची लिंबू पिळलेली कोशिंबीर पुरे. गोड चटणी किंवा गोडसर रायते नको, ताटात गोडवा आधीच आहे. उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे, दोन-तीन दिवसांत संपवावे आणि पुन्हा खाताना आतपर्यंत वाफ येईल असे तापवावे. हाडे आणि ट्रेला चिकटलेला कांदा पाण्यात अर्धा तास उकळला तर चांगले सूप होते. उरलेली फळे मात्र पुन्हा तापवू नयेत. ती थंडच, मिरी घालून चमच्याने ठेचावीत आणि दुसऱ्या दिवशी चिकनबरोबर पावात भरावीत.