वाचकांचे प्रश्न : शब्द ओळखीचे, तरी क्लू लागत नाही

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, बोरिवलीला राहते. मराठी शब्दकोडं माझं सकाळचा चहा संपायच्या आत सुटतं. पण माझी भाची चर्चगेट लोकलमध्ये इंग्रजी क्रिप्टिक, म्हणजे आडवळणाच्या क्लूंचं शब्दकोडं, सोडवते त्यातला एकही क्लू मला लागत नाही, शब्द सगळे ओळखीचे असूनही. माझा शब्दसंग्रह कमी पडतोय का?

उत्तर : नाही हो ताई, शब्द अजिबात कमी पडत नाहीयेत. तुम्ही क्लू वाक्य म्हणून वाचताय, तिथे गाडी अडतेय. साध्या कोड्यात 'हत्ती' दिलं की 'गज' लिहायचं, विषय संपला. क्रिप्टिकच्या क्लूमध्ये दोन वाटा असतात, एक सरळ अर्थाची आणि दुसरी शब्दखेळाची, आणि दोन्ही एकाच उत्तराला जाऊन मिळतात. सरळ अर्थ जवळजवळ नेहमीच क्लूच्या अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी असतो, म्हणून आधी दोन्ही टोकं चाचपायची.

मराठीतच करून बघूया. "कसरत बिघडली, तरी हळूहळू पुढे जात (४)". हे वाचल्यावर डोळ्यांसमोर व्यायामशाळा नाहीतर लोकलचा दरवाजा येतो ना, तो आधी पुसून टाका, कोडं रचणाऱ्याने तो मुद्दाम उभा केलाय. 'बिघडली' म्हणजे आधीच्या शब्दाची अक्षरं हलवा अशी खूण. क, स, र, त ही चार अक्षरं, आणि शेवटी अर्थ, 'हळूहळू पुढे जात'. उत्तर 'सरकत'. इंग्रजीत हीच खूण 'ब्रोकन', 'कन्फ्यूज्ड' अशा शब्दांनी देतात. फक्त तिथे एकेक अक्षर सुटं पडतं, आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटूनच फिरतात, त्यामुळे "औषध उलटलं, झालं भांडण (२)" यात 'दवा' उलटून 'वाद' होतो तेव्हा काना 'वा'बरोबरच पुढे येतो.

आता माझा सगळ्यात लाडका प्रकार. "जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडतो, हरणाऱ्याच्या पदरी पडते (२)". इथे अक्षरांची काही उलथापालथ नाही, दोन्ही अर्थच आहेत. तो हार आणि ती हार! 'पडतो' आणि 'पडते' यांच्यातच सगळं उत्तर उघड्यावर ठेवलंय आणि तरी आपण त्यावरून पुढे निघून जातो, कारण घाईत आपण लिंगाकडे बघतच नाही. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला हे आधी दिसायला हवं, म्हणून ताई, तुमची बाजू भाचीपेक्षा भक्कम आहे असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीत असंच 'फ्लॉवर' आलं की फूलच समजू नका, 'फ्लो' होते ती 'फ्लोअर', म्हणजे नदी, असंही असू शकतं. स्पेलिंग दोघांचं एकच.

आणि हे सगळं फसवणूक वाटत असेल तर तसं नाहीये. शब्दकोडं पहिल्यांदा छापून आलं २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या पेपरात, ते साधंच होतं. क्रिप्टिकची गोडी लावली ती लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून 'टॉर्केमाडा' नावाने कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी, आणि त्यांच्यानंतर तिथेच 'झिमेनेस' नावाने कोडी रचणाऱ्या डेरिक मॅकनट यांनी नियम घट्ट केला : क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, प्रामाणिक शब्दखेळ हवा आणि बाकी काही नको. म्हणजे क्लूमधल्या प्रत्येक शब्दाला काहीतरी काम असतं. एखादा शब्द बिनकामाचा उरला तर उत्तर चुकलंय समजा, नाहीतर क्लू तरी ढिला आहे.

प्रश्न : आडव्या-उभ्या अक्षरांवरून कधीकधी उत्तर कळतं पण ते का बरोबर ते कळत नाही. तसंच लिहावं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लिहा, पण पेन्सिलने, आणि मग क्लूकडे परत या. "नर्मदा दरवर्षी पोटात घेते ते स्टेशन (३)" असा क्लू समजा, पहिलं अक्षर 'दा' आलंय, शेवटचं 'र' आलंय, रोजचा प्रवासी असाल तर 'दादर' लगेच सुचतं. पण का दादर? 'नर्मदा दरवर्षी' ही जोडी सलग वाचा, मधली मोकळी जागा विसरा. नर्म-दादर-वर्षी. 'पोटात' हा शब्द तेच सांगत होता. एकदा अशी उकल करून बघितली की 'पोटात', 'मधून', 'लपलेलं' असे शब्द पुढच्या कोड्यात आपोआप डोळ्यांत भरतात, नुसतं उत्तर भरून पुढे गेलात तर नाही भरत.