वाचकांचे प्रश्न : ध्येयवाक्यात ‘कोणासाठी’ हे कसे लिहावे?

प्रश्न : बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आम्ही हंगामी वसतिगृह चालवतो. संस्थेच्या ध्येयवाक्यात ‘समाजातील सर्व गरजू घटकांसाठी’ असे लिहावे, असा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : इथे दोन मजकुरांची गल्लत झालेली दिसते. न्यासपत्रातील, म्हणजे संस्था स्थापन करतानाच्या कायदेशीर दस्तऐवजातील, उद्देश थोडे व्यापक असणे सोयीचे, कारण पुढे ते बदलायचे म्हटले की धर्मादाय कार्यालयात खेटे घालावे लागतात. ध्येयवाक्य मात्र नेमकेच हवे. ‘गरजू घटक’ म्हटल्याने तुमच्या दारी कोण येणार, हे ना देणगीदाराला कळते ना गावच्या शिक्षकाला. ‘आई-वडील दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर गेल्यावर गावात मागे राहणारी ६ ते १४ वयोगटातील मुले’ असे लिहिलेत, तर कोण, कुठे आणि कधी हे एका दमात सांगून होते. ‘दीनदुबळे’ वगैरे शब्द नकोतच; दारावरची ती पाटी ही मुले रोज वाचणार आहेत. जातीचा उल्लेख करायचा असल्यास जपून करा. १९६१च्या आयकर कायद्यातील कलम १३ने एखाद्याच जातीच्या वा धर्माच्या हितासाठी काढलेल्या धर्मादाय संस्थेला करसवलत नाकारली. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या संस्थांना मात्र तो निर्बंध लावला नाही.