जन्मदाखला थेट तुमच्या नावाने? नको!

प्रश्न : दत्तकासाठी नोंदणी करून तीन वर्षं झाली. गृह अभ्यास अहवाल (समाजसेविका घरी येऊन आमची पाहणी करून लिहिते तो) मंजूर आहे, पण बाळाचा एकही प्रस्ताव आलेला नाही. अहवालाची मुदत पुढच्या महिन्यात संपते. ओळखीच्या नर्सबाई सांगतात, एक अविवाहित मुलगी बाळंत होणार आहे. दवाखान्याचा खर्च आणि 'वरचे थोडे' दिले की जन्मदाखला आमच्याच नावाने निघेल. हे चालेल का?

उत्तर : ताई, नाही चालणार. खोटा जन्मदाखला हा बनावट दस्त. पैसे देऊन मूल घेणं ही बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८१ नुसार खरेदी-विक्री. ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड. दवाखान्यातलंच कोणी यात असेल, तर त्याला ३ ते ७ वर्षं. पुढे कधी भांडं फुटलं, तर जीव लावलेलं मूल तुमच्या मांडीवरून उचललं जाईल, हे मला शिक्षेपेक्षा भयंकर वाटतं.

'मग हिंदू दत्तक कायद्याने रीतसर दत्तकपत्र करू' असं कोणी सुचवेल. तो मार्ग खरा आहे, पण त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम १७ दत्तकाच्या बदल्यात पैशांची देवघेव मना करतं. 'वरचे थोडे' तिथेही बसत नाहीत.

त्या मुलीला मात्र मदत करा. मूल सांभाळणं जमणार नसेल, तर ती ते बाल कल्याण समितीकडे (मुलांच्या संरक्षणासाठीची जिल्ह्यातली सरकारी समिती) सोपवू शकते. मन बदललं तर फेरविचाराला तिला ६० दिवस मिळतात. ते बाळ तुम्हाला मिळेलच असं नाही. दत्तकाच्या प्रतीक्षा यादीत ज्यांचा क्रम असेल त्यांच्याकडे जाईल. कटू आहे, पण तुमचा क्रमही याच नियमाने सुरक्षित आहे.

आता तुमच्या अहवालाचं. तो ३ वर्षं चालतो, मग त्याचं नूतनीकरण करावं लागतं. एकही प्रस्ताव आला नसेल तर ज्येष्ठता, म्हणजे यादीतला क्रम, मूळ नोंदणीपासूनच धरतात. फक्त दोघांच्या वयाची बेरीज ११० च्या पुढे जाता कामा नये. मुदत संपायची वाट पाहू नका, समाजसेविकेला याच आठवड्यात गाठा. दत्तक नोंदणीच्या पोर्टलवरचा मोबाईल नंबर चालू आहे ना, तेही बघा. प्रस्ताव आला की बाळ राखून ठेवायला ४८ तासच असतात.