पहिल्या बाळाच्या आईसाठी

अगं, पहिले दोन-तीन दिवस दूध थोडंच येतं, घाबरू नकोस. तो पिवळसर, दाट चीक पिळून टाकायला कुणी सांगितलं तरी ऐकू नकोस. बाळाची पहिली लस म्हणावी असा तो असतो. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घे.

घड्याळ बघून पाजू नकोस. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतंच. रडायची वाट बघू नकोस. तोंड वळवून शोधायला लागलं, मूठ चोखायला लागलं की घे. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. दुखत असेल तर पकड चुकतेय, करंगळीने सोडव आणि पुन्हा लाव.

घुटी, पाणी, मध सहा महिने काहीच नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकतो. आपल्याकडे कोल्हापुरात गंगावेशीतल्या धारोष्ण म्हशीच्या दुधाचं कौतुक मोठं, पण बाळाला ते पचत नाही. तू मात्र भाकरी, आमटी, अळिवाची खीर पोटभर खा.

पाचव्या दिवसानंतर दिवसात सहा-सात लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. कमी होत असतील किंवा बाळ सुस्त वाटलं तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे लगेच ने.