खाज सारखी परत येते, म्हणजे नवऱ्याचं बाहेर काही आहे का?

योनीमार्गात खाज, दह्यासारखं घट्ट पांढरं जाणं, लघवीला जळजळ. तक्रार एवढीच सांगून बायका थांबतात. दार नीट लागलंय याची खात्री झाली की हळूच विचारतात, "मॅडम, हे नवऱ्याकडूनच येतं ना?" परळच्या आमच्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न नेहमीचा आहे. म्हणून त्यातली एक हकीकत सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

त्यांना सुनंदाताई म्हणू. वय ३८, लालबागची चाळ, घरात सासूबाई आणि दोन मुलं. नवरा कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, आठवड्यातल्या दोन-तीन रात्री बाहेरगावी. वर्षभरात हा त्रास तिसऱ्यांदा झालेला. शेजारच्या वहिनी कानाशी लागल्या होत्या, "हा बाहेरचा रोग असतो गं." तेव्हापासून ताई नवऱ्याचा मोबाइल तपासत होत्या, टोलच्या पावत्यांवरच्या वेळा जुळवत होत्या. "काही सापडत नाही मॅडम, म्हणजे तो पक्का आहे." संशय इथवर पोचला की पुरावा नसणं हाच पुरावा वाटायला लागतो.

मी नवऱ्याचा विषय बाजूला ठेवला आणि खाजेबद्दल बोलायला घेतलं. कॅन्डिडा ही बुरशी निरोगी बाईच्या योनीमार्गातही थोडीफार असते. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्लता टिकवून तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकने हे जिवाणू मेले, गरोदरपण आलं, साखर वाढली किंवा स्टेरॉइड चालू असलं की बुरशीचं फावतं. चारांतल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं. शरीरसंबंध कधीच न आलेल्या मुलीलाही होऊ शकतं, म्हणूनच याला गुप्तरोग धरत नाहीत. या खाजेवरून नवरा खोटा ठरत नाही, आणि खराही ठरत नाही. त्याच्याशी काय बोलायचं ते बोला, पण या खाजेला साक्षीला उभी करू नका, असं मी त्यांना सांगितलं.

पण हे कॅन्डिडाच आहे कशावरून? तीन वेळांत कुणी तपासलंच नव्हतं. पातळ, करडं पाणी आणि माशासारखा वास असेल तर ते जिवाणूंचं असतं, औषध वेगळं. पिवळट-हिरवं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा सूक्ष्म परजीवी असू शकतो. तो मात्र शरीरसंबंधातून पसरतो आणि औषध दोघांनाही घ्यावं लागतं. नुसतं बघून डॉक्टरही फसतात, मग मेडिकलवाला काउंटरवरून काय ओळखणार?

ताईंनी पिशवीतून अर्धवट पिळलेली ट्यूब काढली. त्यावरची बारीक अक्षरं आम्ही दोघींनी मिळून वाचली: क्लोट्रिमाझोल, म्हणजे बुरशीचं औषध, आणि जोडीला बेक्लोमेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज चार दिवस दबते आणि बाईला वाटतं गुण आला. अशी ट्यूब मेडिकलमधून मनाने आणून लावणं मला अगदी नामंजूर आहे.

दुसऱ्या खेपेला गल्लीतल्या डॉक्टरांनी न तपासताच योनीत ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या, सहा रात्रींच्या. ताईंनी दोनच ठेवल्या. कारण विचारलं तर बराच वेळ बोलेनात. मग सांगितलं: संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचा. गोळी ठेवून लगेच आडवं व्हायचं, आणि खोली एकच, पाच माणसांची. सगळे झोपल्यावर मोरीचा पडदा ओढून दिवा लावला, तर दुसऱ्या रात्री सासूबाईंनी विचारलं, "रोज रोज काय शोधतेस?" तिसऱ्या रात्री त्यांची हिंमत झाली नाही.

औषध अर्धवट टाकण्यामागे अशी कारणं असतात आणि केसपेपरवर ती कधीच येत नाहीत. डॉक्टरांना घरची अडचण सांगायची असते. एकाच रात्री ठेवायची क्लोट्रिमाझोलची ५०० मिलिग्रॅमची गोळी मिळते. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी तोंडाने घेता येते. मात्र गरोदरपणात ती देत नाहीत, म्हणून पाळी चुकली असेल तर आधी सांगायचं.

बोलता बोलता आणखी दोन गोष्टी निघाल्या. त्या रोज डेटॉलच्या पाण्याने आतून धूत होत्या. ते बंद करायला सांगितलं, बाहेरून साधं पाणी पुरे. आणि चड्ड्या परकराखाली लपवून वाळत घालायच्या. पावसाळ्यात त्या वाळतच नाहीत आणि दमट कपडा दिवसभर अंगाला चिकटून राहतो. सुती, कोरडी चड्डी घालणं ही चैन नाही.

पालिकेच्या रुग्णालयात स्त्रीरोग ओपीडीत तपासणी झाली, स्वॅब गेला. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर साखर बघायलाच हवी. ताईंचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ८.४ टक्के आलं, ६.५ च्या पुढे मधुमेह धरतात. वडिलांना साखर होती, पण स्वतःची कधी तपासली नव्हती. साखरेचं औषध सुरू झालं, आणि बुरशीसाठी आठवड्याला एक गोळी, सहा महिने. साखरेच्या डॉक्टरांनाही हा त्रास सांगा, असं मी बजावलं, कारण डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि ही खाज वाढू शकते.

ताईंच्या संमतीने त्यांच्या नवऱ्यालाही बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न, "मला पण औषध लागेल का?" खाज, लाली नसेल तर नाही. बरं वाटेपर्यंत संबंध टाळा, आणि मलम किंवा आतली गोळी चालू असताना कंडोमवर भरवसा ठेवू नका, त्याने रबर कमजोर होतं. हे दहा मिनिटांत आटोपलं. मोबाइल तपासण्याचं बोलणं मात्र पुढे बऱ्याच बैठका चाललं, आणि ते तसं चालायलाच हवं होतं.

शेवटच्या भेटीत ताईंनी तेरा वर्षांच्या मुलीचं विचारलं: तिला यातलं किती सांगू? मी म्हटलं, सगळं सांगा. पाळीच्या आधी-मधी थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे, त्याने हाडं झिजत नाहीत की ताकद जात नाही. खाज, जळजळ, घाण वास, ओटीपोटात दुखणं किंवा ताप असेल तर त्याच दिवशी आईला सांगायचं. आणि आईने तिला मेडिकलमध्ये नाही, डॉक्टरकडे न्यायचं.